फुल व्हॉल्यूम अंकल

आमच्या घरमालकांना हळू असं काही करताच येत नसे. ते शिंकले की समोरच्या बेकरीतला माणूस मान वर करून बघे. त्यांनी दार लावलं की लाकडी जिन्यावरची धूळ खाली येई. चर्चमध्ये त्यांचं 'आमेन' इतरांच्या जरा आधी आणि बरंच वरच्या पट्टीत ऐकू येतं, असं त्यांची बायको, हिल्डा आंटी, कपाळाला हात लावून सांगायची. मरोळच्या जुन्या गावठाणात त्यांना बेनेडिक्ट या नावाने हाक मारणारी माणसं थोडीच. बाकी सगळ्यांसाठी ते 'फुल व्हॉल्यूम'. आम्ही त्यांचे भाडेकरू, म्हणून पुढे 'अंकल' जोडायचो, एवढंच.

त्यांची नोकरी विमानतळावर, मालवाहतुकीच्या विभागात झाली होती. "तिथे हळू बोलणाऱ्याची पेटी भलत्याच देशात जाते," असं ते म्हणत. निवृत्त झाल्यावर विमानं सुटली, आवाज तसाच राहिला. आणि त्या आवाजाला साथ द्यायला हॉलमध्ये कमरेएवढ्या उंचीचे दोन लाकडी स्पीकर होते. बोटीवर काम करणाऱ्या एका मित्राने तरुणपणी आणून दिलेले. आंटी त्यांच्यावर क्रोशाचे रुमाल घालायची. गाणं सुरू झालं की ते रुमाल सरकत सरकत खाली पडायचे.

लग्नानंतर मी आणि संदीप त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला गेलो, तो पहिलाच रविवार मला आठवतो. खालून बोंबील तळल्याचा वास येत होता आणि अचानक आमच्या फळीवरचं स्टीलचं भांडं आपोआप चालायला लागलं. मी तणतणत खाली गेले. अंकल बनियनमध्ये, डोळे मिटून, खुर्चीत बसले होते.

"अंकल, जरा कमी करता का? वर फार त्रास होतो."

त्यांनी डोळे उघडले. राग वगैरे काही नाही. "होणारच गो. वर नुसती धबधब येते. गाणं खाली आहे. तू वर कशाला बसलीस? इथे बस."

मी बसले. आंटीने न विचारता माझ्यासमोर बशी ठेवली. भांडायला गेलेली मी दीड तासाने बोंबील खाऊन वर आले, आणि त्यानंतर बरेच रविवार खालीच गेले.

अंकलना गाण्याचं काहीही चाले. गिटारवाले गोरे, कव्वाली, जुनी सिनेमाची गाणी, लग्नातला ब्रास बँड. स्वतःला एक सूर लावता येत नव्हता, वाद्य कधी हातात धरलं नव्हतं. "मी पब्लिक आहे," ते अभिमानाने सांगत. "सगळेच स्टेजवर चढले तर खाली कोण राहणार?" आणि पब्लिक म्हणून त्यांची मतं मात्र एकदम पक्की. कार्यक्रमाला गेलं की पुढच्या रांगेत बसायचं नाही. "पुढे पाहुणे बसतात. आवाज मागे येतो, साउंडवाल्याच्या बाजूला." मोबाइल वर धरून चित्रण करणाऱ्या गर्दीकडे बघून ते एकदा म्हणाले, "सगळे हात वर करून उभे. जसे काय पोलिसांनी पकडलेत." आंटीला गर्दी सोसत नसे आणि संदीपला कामावरून वेळ मिळत नसे. त्यामुळे पार्ल्याला, जुहूला, मुलुंडला, जिथे काही असेल तिथे अंकलबरोबर मीच जाऊ लागले.

गाणं थांबलं की अंकलची बाकीची मतं सुरू व्हायची. टीव्हीवरच्या बातम्यांना ते साउंडचेक म्हणत. "तासभर हॅलो हॅलो करतात. कार्यक्रम कुठे सुरू होतो?" एकदा निवडणुकीच्या दिवसांत एक उमेदवार हात जोडून ओट्यावर आला. अंकलनी त्याला पाणी दिलं आणि सांगितलं, "तुमच्या रिक्षावरचा भोंगा फाटलाय. तुम्ही काय बोलता ते कळतच नाही. मत कसं देऊ?" दुसऱ्या दिवशी खरंच नवा भोंगा लावलेली रिक्षा गल्लीत आली. मतदानानंतर मी विचारलं, "मग, दिलंत का त्याला मत?"

"नाही गो," अंकल म्हणाले. "आता नीट ऐकू आलं ना."

घरात जनावर पाळण्याच्या ते साफ विरुद्ध होते. शेजारच्या नव्या टॉवरमधली माणसं संध्याकाळी कुत्र्यांना स्वेटर घालून फिरवायची, ते बघून अंकल ओट्यावरून मोठ्यांदा विचारायचे, "मुंबईत स्वेटर? माथेरानला चाललाय काय?" कुत्रा पाळणं म्हणजे पुन्हा नोकरी धरणं, आणि आपण तर निवृत्त झालो, असा त्यांचा हिशेब होता.

त्या निवडणुकीच्याच वर्षी दिवाळीत, फटाक्यांनी गल्ली दणाणून गेली असताना, एक तपकिरी कुत्री आमच्या जिन्याखाली येऊन बसली. रस्त्यावरचीच होती, वयाने मोठी, एक कान दुमडलेला. अंग नुसतं थरथरत होतं. अंकलनी हाकलायचा प्रयत्न केला, म्हणजे दोनदा "ए, चल!" म्हणाले. त्यांच्या आवाजाने ती आणखीच आत सरकली. आंटीने भाताचं ताट सरकवलं. दिवाळी संपली तरी कुत्री तिथेच.

"राहू दे जिन्याखाली," अंकल म्हणाले. "घरात नको."

पुढच्या रविवारी मी खाली बसले होते. अंकलनी एक आवडती तबकडी काढली, बटण फिरवलं आणि पहिलाच ड्रमचा ठोका भिंतीवर आदळला. बाहेर काहीतरी धडपडलं. मग ब्रेकचा आवाज, आणि मग असं ओरडणं की आंटी हातातला झारा टाकून धावली. कुत्री जिन्याखालून उधळली होती ती थेट रिक्षाच्या चाकाखाली.

रिक्षावाला बिचारा घाबरून उभा होता. अंकलनी बनियनवरच तिला उचललं. ती त्यांच्या हाताला चावली, तरी सोडलं नाही. त्याच रिक्षातून आम्ही जनावरांच्या दवाखान्यात गेलो. दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर अंकल बोलले, ते इतक्या हळू की मला वाकून ऐकावं लागलं.

"मी केलं गो हे."

"अंकल, तुम्हाला काय माहीत..."

"माहीत होतं. दिवाळीत बघितली होती ना, कशी थरथरत होती ती."

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. पाय वाचला होता. "पण ही आवाजाला फार घाबरते," त्या म्हणाल्या. "काही कुत्री असतात तशी. घरी शांतता ठेवा. नाव काय हिचं?"

मी अंकलकडे बघितलं. घरात नको म्हणणारे अंकल. ते म्हणाले, "म्यूट."

म्यूट घरात आली. आंटीने तिचं 'मुटी' केलं. आणि आमच्या खालच्या मजल्यावर जे झालं ते गल्लीने पूर्वी कधी बघितलं नव्हतं. दार हळू लागू लागलं. अंकल शिंक आली की ओट्यावर जाऊन शिंकत. रविवारी गाणं ऐकू येईना. पहिल्या दोन रविवारी लोकांना बरं वाटलं असेल. पण मग बेकरीवाला विचारायला आला, "अंकल बरे आहेत ना?" चर्चमधून फादर येऊन गेले. वर्षानुवर्षं ज्यांनी आवाजाबद्दल कटकट केली ती माणसं जिन्यात मला गाठून विचारत, "काय गं, डॉक्टर काय म्हणाले?"

त्यांच्या परदेशात राहणाऱ्या मुलीने पाठवलेले हेडफोन अंकलनी एक दिवस लावून बघितले. "हे एकट्याने कोपऱ्यात बसून जेवल्यासारखं वाटतं," म्हणाले आणि डब्यात ठेवून दिले. मग त्यांनी खुर्ची सोडली, स्पीकरच्या पुढ्यात चटई टाकली आणि आवाज इतका कमी ठेवला की ऐकायला खाली बसावंच लागे. म्यूट लंगडत येऊन त्यांच्या मांडीला पाठ लावून झोपायची. मीही तिथे बसायचे. एकदा एका गाण्यात गायिकेने ओळ सुरू करण्यापूर्वी घेतलेला श्वास मला ऐकू आला. मी अंकलकडे बघितलं. "हो," ते म्हणाले. "मीपण आत्ताच ऐकला. एवढी वर्षं ऐकतोय हे गाणं."

कुत्र्यांबद्दलची त्यांची मतं आता पूर्ण उलटी झाली होती, पण ठामपणा तोच. टॉवरमधल्या माणसांना थांबवून ते सांगायचे, "बिस्किटं देऊ नका हो. साखर असते." स्वेटरबद्दल मात्र ते कधी बदलले नाहीत.

मग ती बातमी आली. अंकलच्या तरुणपणापासूनचा त्यांचा सर्वांत लाडका परदेशी बँड पहिल्यांदाच मुंबईला येणार होता. वादक आता सगळे म्हातारे झालेले. मुलीने तिकडून आमच्या दोघांची तिकिटं काढून दिली. अंकलनी त्या दिवसासाठी नवा शर्ट शिवून घेतला. दुपारीच आम्ही निघालो, ऊन असतानाच मैदानाबाहेर रांगेत उभे राहिलो. अंकल पुढच्यामागच्या पोरांना कुठलं गाणं कधीचं ते सांगत होते. पोरं हसत होती, पण ऐकत होती.

फाटक दिसायला लागलं तेवढ्यात आंटीचा फोन आला. गल्लीत लग्नाची वरात आली होती, बँड आणि फटाके. म्यूट कपाटामागच्या फटीत शिरून अडकली होती. आंटी ओढायला गेली की चावत होती. "तिचा श्वास बघ कसा चाललाय," आंटी फोनवर रडत होती.

"मी जाते अंकल," मी म्हटलं. "मी काढते तिला. तुम्ही आत जा."

"तुझ्याकडे नाही येणार ती."

"मग संदीपला सांगते..."

"त्याच्याकडेपण नाही." त्यांनी एकदा फाटकाकडे बघितलं. आतून वाद्यं जुळवल्याचा आवाज येत होता. एक तार कोणीतरी परत परत छेडत होतं. अंकल तेवढं ऐकेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "तू आत जा. सगळं नीट ऐक. उद्या मला सांग." आणि नवा शर्ट घातलेले अंकल रांगेच्या उलट दिशेने, माणसांना बाजूला करत निघून गेले.

मी आत गेले. साउंडवाल्याच्या बाजूला उभी राहिले. त्या गाण्यांतली निम्मी मला येत नव्हती, तरी प्रत्येक गाणं पाठ करायचा प्रयत्न करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गेले. म्यूट चटईवर शांत झोपली होती. अंकलच्या मनगटावर पट्टी होती.

"सांग," ते म्हणाले.

मी सांगू लागले. पहिलं गाणं कोणतं, दिवे कसे लागले, पब्लिक कसं ओरडलं. नाव आठवलं नाही की मी गुणगुणून दाखवायचे आणि अंकल नाव सांगायचे. त्यांचे प्रश्न संपत नव्हते. "ड्रमवाला दमला काय?" "मधे पाणी पीत होता. पण शेवटपर्यंत वाजवलं." "आणि तो लांब वाजवतो ना, गिटारवर, तिथे त्याने डोळे मिटले?" "हो. मिटले होते." अंकलनी मान हलवली. एका ठिकाणी मी सांगितलं की म्हाताऱ्या गायकाचा आवाज वर चढताना फाटला आणि सगळ्या मैदानाने ती ओळ त्याच्यासाठी पूर्ण केली. तेव्हा अंकल उठून ओट्यावर गेले. बराच वेळ आले नाहीत. आंटी मला म्हणाली, "जाऊ दे. शिंकायला गेलाय."

परत आल्यावर त्यांनी पुढचं विचारलं. पस्तावल्याचा एक शब्द मी त्यांच्या तोंडून त्या दिवशी ऐकला नाही, नंतरही नाही.

म्यूट आणखी काही वर्षं जगली आणि एका थंडीच्या सकाळी झोपेतच गेली. अंकलनी तिला मागच्या आंब्याखाली पुरलं. पुढच्या रविवारी मी मुद्दाम खाली गेले. गाणं तसंच, हळू चालू होतं.

"आता वाढवा की अंकल."

"कशाला?" ते म्हणाले. "ऐकू येतंय ना?"

आम्ही नंतर नाहूरला स्वतःच्या घरात गेलो. अंकलचे फोन यायचे. मेट्रोतल्या सूचना सांगणाऱ्या बाईचा आवाज, कुठलंसं युद्ध, मुलुंडला कोण गाणार आहे, सगळ्यांवर मत. गेल्या पावसाळ्यात थोड्याशा आजारपणात ते गेले. आख्खं गावठाण जमलं होतं, टॉवरमधली माणसंही आली होती.

त्यानंतर महिन्याभराने हिल्डा आंटीचा फोन आला. "पार्ल्याला कोण बाई गातेय म्हणे. मला घेऊन जाशील?"

मी तिला घेऊन गेले. आंटीने ठेवणीतला फ्रॉक घातला होता. पर्स मांडीवर घट्ट धरून ती सगळा वेळ ताठ बसली. एकदाही माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, हिला सोसत नाहीये, उगाच आणलं. मी दोनदा विचारलं, निघूया का. तिने मान हलवली, नाही. खरं सांगायचं तर गाणं बेताचंच होतं. बाईचा सूर मधूनमधून उतरत होता आणि तबला फारच पुढे येत होता.

परतताना रिक्षात आंटी म्हणाली, "बेनीला आवडलं असतं?"

तिला खोटं काय सांगायचं? "नसतं आवडलं आंटी. मध्यंतरात त्यांनी साउंडवाल्याला जाऊन झापलं असतं."

आंटी हसली. चकाल्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा माझ्याकडे वळली.

"मला आवडलं," ती म्हणाली.