आयुधपूजेला बंद पडलेला चंद्र

ये, जवळ बस. यायला तू आहेस कुठे म्हणा, कागदावरच बस. फोन करतेस, 'अम्मा, जेवलीस का' विचारतेस नि ठेवतेस. ही काय रीत झाली, लेकी? आज माझं पुरतं ऐक.

तू पीएचडीला होतीस. तिरुवल्लिकेणीच्या आपल्या दोन खोल्यांत तुझा कंप्युटर नऊ दिवस घरघरत होता. विचारलं तर म्हणालीस, "गुरूचा एक चंद्र आहे, त्याच्या पोटातच चुंबक आहे. गुरूच्या चुंबकाच्या रेघा त्याच्यावर आदळतात, तुटतात नि त्याच्या रेघांना जुळतात. त्याचं गणित चाललंय." मी म्हटलं, "म्हणजे माझं दारातलं रांगोळीचं कोलम. रेघ पुसायची, शेजारच्या ठिपक्याकडे वळवायची." हसलीस. त्या गणितावर तुझं परिषदेला जाणं ठरणार, हेही बोललीस. एवढं बोललीस, पण 'बंद करू नको' एवढं काही तोंडातून निघालं नाही!

आयुधपूजा आली. तू सकाळीच तुझ्या सरांकडे गेलेली. शिलाई मशीन, विळी, कात्री, तुझी पुस्तकं, सगळ्यांना गंध-कुंकू लावलं. त्या दिवशी आयुधांनी राबायचं नसतं. नि हा एकटा घरघरतोय! वाईट वाटलं बाई मला त्याचं. तुझं बघून बघून शिकले होते. वायर ओढली नाही, रीतीनं बंद केला, वर झेंडूचं फूल ठेवलं.

तू आलीस, फूल बघितलंस. "अय्यो अम्मा, कधी बंद केलंस?"

"राहुकाळाच्या आधी," मी ऐटीत म्हटलं.

तू प्रसादाच्या हरभऱ्यांची, सुंडलची वाटी तशीच खाली ठेवलीस. चौथ्या दिवसापर्यंतचंच साठवलेलं होतं, पुढचं सगळं गेलं. "लाव, आत्ता लाव," म्हणत मीच पदरानं कुंकू पुसलं. पण पाच दिवसांचं गणित नि मुदत तीन दिवसांची. परिषद हुकली.

अजून माझाच मला राग येतो. तुझाही राग येतो, एक चिठ्ठी चिकटवायला काय झालं होतं? सरांना तू 'वीज गेली' म्हणालीस, माझं नाव घेतलं नाहीस. आणि मी मेली गप्प राहिले. बंद करताना त्या पडद्यानं विचारलं होतं ग. काम चालू आहे, तरी बंद करू? अक्षर अक्षर जुळवून मी वाचलं होतं. नि 'हो' म्हटलं होतं.

हे इतकी वर्षं तुला सांगितलं नाही. कागदावर सांगून मन भरत नाही. लवकर ये ना एकदा, समोर बसून चांगली रागाव मला.