दाजींच्या प्लेयरला आलेली बोली

जगात जेवढ्या वस्तूंवर नाव घालता येतं तेवढ्या सगळ्यांवर माझ्या थोरल्या साडूंनी आपलं नाव घातलेलं आहे. ज्या उरल्या असतील त्या अजून त्यांच्या हाताला लागलेल्या नाहीत एवढंच. भांड्यांवर नावं कोणाच्या घरी नसतात? लग्नकार्यात पातेली शेजारी जातात, परत येताना ओळख पटावी म्हणून आपण दुकानातच नाव घालून घेतो. साडूंनी मात्र साखर कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाल्यावर आठ दिवसांत नावं घालायचं विजेचं यंत्रच विकत आणलं. मग देवळाली प्रवऱ्यातल्या त्यांच्या घरी पातेली-तांबे तर सोडाच, पण कुलपं, विळी, सायकलची घंटी, चष्म्याची काडी आणि माझ्या मेहुणीबाईंचा, म्हणजे आक्कांचा, कुकर आतून-बाहेरून, अशा सगळ्यांवर त्यांचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा आला. नुसतं नाव घातलं तर वस्तू जिल्ह्याबाहेर गेल्यावर परत कशी येणार, असं त्यांचं म्हणणं. मी एकदा त्यांच्याकडे पेन विसरलो. ते टपालानं नगरला आलं. टोपणावर माझं नाव, संपूर्ण पत्ता आणि खाली बारीक अक्षरात 'विसरू नये'.

माझी बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. मी एका कॉलेजात हेडक्लार्क आहे. याद्या, तक्ते, तारखा यांच्यावर माझा संसार चालतो. दाजींचा संसार चालतो तो एका रेकॉर्ड प्लेयरवर. फार वर्षांपूर्वी कारखान्यात नवी यंत्रं बसवायला एक जर्मन इंजिनिअर आला होता आणि दाजी त्याच्या हाताखाली होते. दोघांना एकमेकांची भाषा शेवटपर्यंत आली नाही. एकानं पाना दाखवायचा, दुसऱ्यानं मान हलवायची, एवढ्यावर वर्ष निघालं. जाताना त्या माणसानं आपला प्लेयर दाजींच्या सायकलच्या कॅरियरवर स्वतःच्या हातानं बांधून दिला. तेव्हापासून दाजी त्याची अशी काळजी घेतात की आक्कांना हेवा वाटावा. रेकॉर्डी ते रिठ्याच्या पाण्यानं धुतात आणि ताटं ठेवायच्या मांडणीत ओळीनं उभ्या करून वाळवतात. "घरात ताटं ठिवायला जागा न्हाई, हे भजनं वाळवत बसत्यात," असं आक्का दर रविवारी म्हणतात. कॅसेटचं नाव काढलं की दाजी तोंड वाकडं करतात. "फितीत आवाज गुंडाळून ठिवलेला असतो, पाव्हणं. गुदमरतो त्यो."

रेकॉर्डची एक बाजू सुरू झाली की ती संपेपर्यंत कोणी उठायचं नाही, हा त्या घरचा कायदा. मग भले राहुरीवरून नगरला जाणारी एसटी निघून जावो. माझ्या डायरीत 'देवळालीत चुकलेल्या गाड्या' असं एक वेगळं पानच आहे, आणि ते दुसऱ्या बाजूला गेलेलं आहे. बरं, वीज गेली म्हणून सुटका होते म्हणावं, तर तेही नाही. वीज गेली की दाजी शांतपणे पुढे सरकतात, तबकडीच्या कडेला बोट लावतात आणि उरलेलं गाणं हातानं फिरवून पूर्ण करतात. स्पीकर बंद असतो, पण सुईजवळ कान नेला की येणारा बारीक आवाज कधी म्हशीसारखा होतो, कधी चिमणीसारखा. एकदा एक भक्तिगीत चालू असताना वीज गेली आणि गाणाऱ्या बाई शेवटच्या कडव्यात पुरुष होऊन बाहेर पडल्या. मी हसलो तर दाजी म्हणाले, "देवाचं नाव हाय. निम्म्यात सोडू का?"

अशा या माणसाच्या घरी गेल्या वर्षी मी माझ्या पुतण्याला घेऊन गेलो, आणि तिथून पुढचं सगळं घडलं. पुतण्या अमेरिकेत कम्प्युटरच्या नोकरीत आहे. त्यानं प्लेयर पाहिला, वाकून पाहिला, खाली बसून पाहिला, चार फोटो काढले आणि बाहेर आल्यावर मला म्हणाला, "काका, हे मॉडेल तिकडे लोक शोधत असतात. इंटरनेटवर लिलाव चालतो. महिन्याला किंमत चढतेय." तो परत गेला आणि भाव तरी कळेल म्हणून त्यानं ते फोटो लिलावाला लावले. मी दर शनिवारी नगरच्या सायबर कॅफेत जाऊन त्याची ई-मेल छापून आणू लागलो.

आता आकडा आला की तक्ता करणं हा माझा दोष आहे. पण डॉलरांचा तक्ता दाजींना काय दाखवणार? आक्कांच्या स्वयंपाकघरावर पत्रा आहे, तो काढून स्लॅब टाकायचा हे त्या घरात कधीपासून चाललेलं. म्हणून मी किंमत स्लॅबमध्ये मांडली. पहिल्या शनिवारी अर्धा स्लॅब झाला. दुसऱ्या शनिवारी पुरा. तिसऱ्या शनिवारी स्लॅब आणि वर पाण्याची टाकी. चौथ्या शनिवारी दोघं-तिघं बोलीत एकमेकांवर चढले आणि तक्त्यात टाकीला जिना आला.

दाजींनी तक्ता वाचला आणि मला एकच विचारलं. "माल न बघता बोली लावत्यात?"

"फोटो बघतात ना."

"काष्टीच्या बाजारात बैलाचे दात बघितल्याबिगर कोनी रुमालाखाली हात घालून भाव करत न्हाई. आन् ही मानसं फोटोवर जिना बांधायला निघाली?"

मी त्यांना समजावलं. मी चांगलं समजावतो, हा माझा दुसरा दोष. मुद्दे काढले होते, क्रमवार. दाजींनी ते सगळे ऐकले. आत आक्का भाकरी थापत होत्या. ऊन असं होतं की पत्र्याची धग बाहेरच्या खोलीपर्यंत येत होती. दाजींनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "तिनं सगळा जलम पत्र्याखाली सैपाक केला. उन्हाळ्यात भाजली, पावसाळ्यात भांडी लावत फिरली. आन् मी हितं पंख्याखाली गानी ऐकली. पाठवा." आतला थापण्याचा आवाज थांबला, पण आक्का बाहेर आल्या नाहीत. मी डायरीत त्या दिवसापुढे बरोबरची खूण केली. काम झालं होतं.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा प्लेयर खोक्यात गेला होता. पुण्याचा एक ओळखीचा माणूस अमेरिकेला जाणार होता, तो नेईल असं ठरलं होतं. खोक्याभोवती गोधडी, गोधडीभोवती सुतळी. रेकॉर्डी कपाटात, कपाटाला कुलूप. दाजींनी मला चहा दिला, कारखान्यातल्या एका बदलीची बातमी सांगितली, पावसाचं विचारलं आणि मनगट वळवून घड्याळ बघितलं. "चला पाव्हणं, तुमची गाडी व्हईल," म्हणाले आणि मला स्टँडपर्यंत सोडायला आले. इतक्या वर्षांत देवळालीहून मला पहिल्यांदा वेळेवर एसटी मिळाली. खिडकीजवळ जागासुद्धा मिळाली. त्या जागेवर बसून राहुरी येईपर्यंत मी स्वतःला सांगत होतो की मी सगळं नीट केलं आहे, आणि राहुरीनंतर ते सांगणं मला जमेना. दाजी काही बोलले असते, रुसले असते, तर मी मुद्दे काढले असते. घड्याळ बघणाऱ्या दाजींपुढे माझ्याकडे मुद्दा नव्हता.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आक्काचा निरोप आला होता. घरात रेडिओ लावला तर दाजी उठून अंगणात जातात म्हणे. तुम्ही कशाला पडलात त्यात?" मला झोंबलं, कारण मलाही तेच वाटत होतं. पण शब्द दिलेला, तिकडे बोली लागलेली. मी मागे फिरायचे तीन मार्ग कागदावर मांडून पाहिले. तिन्हींत पुतण्याचं नाव खराब होत होतं.

तेवढ्यात पुतण्याची मेल आली. सगळ्यात मोठी बोली लावणाऱ्या गृहस्थाला एक फोटो हवा होता: रबरी चटई काढून, खालच्या धातूच्या तबकडीचा, वरून, स्वच्छ उजेडात. मी कॅमेरा घेऊन गेलो. दाजी खुलले. "आता आला दात बघायला! शाना हाय. बघू द्या की." सुतळी सोडली, गोधडी काढली, झाकण उघडलं, चटई उचलली.

तबकडी आरशासारखी घासलेली होती. आणि तिच्यावर कडेनं गोल, एकसारख्या सुंदर अक्षरांत दाजींचं पूर्ण नाव, मुक्काम पोस्ट देवळाली प्रवरा, तालुका राहुरी, जिल्हा अहमदनगर, महाराष्ट्र, भारत. मधल्या मोकळ्या जागेत, दोन ओळींत: 'सावकाश फिरवावे. आधी पुसून घ्यावे.'

"दाजी," मी म्हटलं, "हे कधी घातलंत?"

"खोक्यात भरायच्या आदल्या दिशी. येवढी लांब चालली वस्तू. विमानात बदलली म्हंजे? दुसऱ्याची गळ्यात पडंल त्या मानसाच्या."

"पण त्यांना मराठी येत नाही."

"जर्मन सायबाला तरी कुठं येत हुतं?"

मी फोटो काढला. मला कोणीही सांगितलं नव्हतं की काढू नका, आणि खोटं दाखवून विकायचं हे दाजींना नि मला दोघांनाही जमणारं नव्हतं. स्वच्छ उजेडात, वरून, अक्षर न् अक्षर वाचता येईल असा फोटो काढला, आणि धुऊन, सायबर कॅफेतून स्कॅन करून पुतण्याला पाठवला. असं नेटकं काम मी आयुष्यात केलं नसेल.

उत्तर लवकर आलं. त्या गृहस्थानं बोली मागे घेतली होती. त्याच्या मते वस्तू कायमची खराब झाली होती. बाकीचेही पांगले. पुतण्यानं हळहळून जो नवा आकडा लिहिला होता, त्यात माझ्या तक्त्याप्रमाणे फार तर सिमेंटची एक गोणी सुटली असती. मी सायबर कॅफेत ती मेल दोनदा वाचली. माझ्या शेजारी बसलेल्या माणसानं विचारलं, "साहेब, नोकरी लागली का मुलाला?" इतका माझा चेहरा फुलला असावा. त्या शनिवारी मी घरी न जाता तसाच देवळालीची गाडी पकडली.

दाजींना सांगितलं तर ते आधी भडकलेच. "नाव हाय म्हनून न्हाई म्हनला? बिननावाची घेतो आन् नावाची घेत न्हाई? कसला मानूस म्हनायचा ह्यो! चोरबाजारातला दिसतोय." तोंडानं असे ताशेरे चालू होते आणि हात खोक्याच्या गाठी सोडवत होते. गाठ सुटेना, तर आक्का न बोलावता कात्री घेऊन आल्या.

"स्लॅबचं राहिलंच, आक्का," मी म्हणालो. माझ्या मनावर तेवढंच ओझं उरलं होतं.

"ऱ्हाऊ द्या. ह्या पंधरा दिसांत ह्यांनी माझ्या सैपाकघरात बसून मला डाळ कशी शिजवायची ते शिकवलं. पत्रा परवडला, भाऊजी!" आणि त्या अशा हसल्या की दाजींनाही हसावं लागलं.

पत्रा पुढच्या उन्हाळ्यात निघाला आणि स्लॅब पडला, तो आक्कांच्या भिशीतून. आक्का भिशी लावतात हे दाजींना तोपर्यंत माहीत नव्हतं. पुतण्या अजूनही अधूनमधून कळवतो की तिकडे भाव आणखी चढलाय, काका. मी वाचतो आणि तक्ता करत नाही.

परवा गेलो तर दाजी रेकॉर्ड लावण्याआधी भिंगातून सुई बघत होते. सुई झिजली की रेकॉर्ड खराब होते. त्यांच्या प्लेयरच्या सुया नगरला कापडबाजाराजवळ एका दुकानात मिळायच्या. तो दुकानदार आता घड्याळाचे सेल विकतो. पुतण्याला लिहू का, मी विचारलं. नको म्हणाले. कपाटातून काड्यापेटीएवढी डबी काढली, कापसात ठेवलेल्या सुया मला दाखवल्या आणि डबी पुन्हा मिटली.

"किती हायत?" आक्कांनी आतून विचारलं.

"दोन," दाजी म्हणाले. "आपून दोगं. पुरतील की."

आक्का पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. "मग आज माझ्या आवडीची लावा," त्या म्हणाल्या.