स्वयंपाकघरातलं वारूळ

गेल्या जूनमध्ये, शाळा उघडायच्या आदल्या शनिवारी, माझे शेजारी बायको-मुलीला आणायला सुप्याहून जामखेडला निघाले आणि अर्ध्या तासात परत आले. रस्त्यात टिटवी ओरडली होती. टिटवीचं इतकं ऐकणारा आणि माणसांचं इतकं कमी ऐकणारा दुसरा गृहस्थ आमच्या तालुक्यात नसावा.

ते मूळचे राजूरकडचे. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुटे भाग तपासतात. केसाएवढा फरक दिसला तरी माल परत पाठवतात. कारखान्याच्या फाटकाबाहेर मात्र त्यांचा धर्म सुरू होतो, आणि तो त्यांनी स्वतःच तयार केलेला आहे. त्यात देऊळ नाही, पुजारी नाही, उपास नाहीत. झाडं आणि जनावरं आहेत, आणि प्रत्येकाला एक अर्थ आहे. मुंगूस म्हणजे 'जा', टिटवी म्हणजे 'थांब'. रुई म्हणजे पाण्यावाचून हिरवं राहणं, घोरपड म्हणजे धरलेलं न सोडणं. एकदा त्यांच्या स्कूटरच्या आरशावर कोळ्याने जाळं विणलं, तर आठवडाभर ते कामावर पायी गेले. "कोळी कामावर हाय. त्याला उठवायचं न्हाई," असं त्यांनी मला समजावलं. इमारतीतल्या प्रत्येक बिऱ्हाडाला त्यांनी एकेक जीव वाटून दिला आहे. मी वर्तमानपत्रात, म्हणून माझ्या वाट्याला सरडा आला. "मान वळवून वळवून बघता म्हणून," ते म्हणाले, आणि घाईने पुढे म्हणाले, "रंगाचं आमी काय बोललो न्हाई, भाऊ." या माणसाला मी निवांत बसलेलं पाहिलेलं नाही. जेवता जेवता उठून खिडकीशी जातात, बोलता बोलता गच्चीवर चढतात. न जाणो, एखादा निरोप येऊन निघून जायचा.

जामखेडच्या वहिनींनी हे सगळं चालवून घेतलं होतं. पालीला किडे मिळावेत म्हणून व्हरांड्यातला दिवा चालू ठेवणंसुद्धा. मग गॅसच्या टाकीमागे वाळवी लागली आणि मातीचा ढीग वर येऊ लागला. नवऱ्याने त्याला हळद वाहिली. "वारूळ म्हंजे घर. घरात घर उभं राहिलं, याच्यापेक्षा शुभ काय?" वाळवी भिंतीतून कपाटात शिरली आणि तिने वहिनींचा लग्नातला शालू खाल्ला. "मंग ऱ्हावा त्याच घरात," वहिनी म्हणाल्या, आणि पाचवीत जाणाऱ्या मुलीला घेऊन माहेरी गेल्या. सोमवारच्या आत न्यायला आला नाहीत तर पोरीचं नाव इथल्याच शाळेत घालते, असा त्यांचा फोन आला. वारूळ काढायला ते तयार झाले होते. अडचण निघण्याची होती. मुंगूस दिसत नव्हतं.

रविवारी मी त्यांना माझ्या गाडीत बसवलं. नगर ओलांडेपर्यंत त्यांची मान सरड्याहून जास्त वळली. आष्टीच्या अलीकडे चहाला थांबलो, तर शेजारच्या रानातून टिटवी ओरडली. थांबेचना.

"भाऊ, गाडी वळवा."

"आधी वहिनींना सांगा," मी म्हणालो.

त्यांनी फोन लावला. स्पीकर चालू होता.

"अगं, टिटवी वरडतीय."

"वरडू द्या. तिथं तिची अंडी असत्याल. तिला तुमचं काय पडलंय?" मग वहिनी म्हणाल्या, "पोरगी सकाळधरनं चपला घालून बसलीय."

त्यांनी फोन खिशात ठेवला. चहा तसाच राहिला. टिटवी अजून डोक्यावर घिरट्या घालत होती. ते गाडीत येऊन बसले, काच वर केली आणि म्हणाले, "चला." जामखेडपर्यंत त्यांनी बाहेर पाहिलं नाही.

संध्याकाळी चौघं सुप्याला परतलो. कपडे न बदलता त्यांनी वारूळ खणायला घेतलं, इतकं हळू, की जणू आत कुणी झोपलं आहे. घमेल्यात भरलेली माती इमारतीमागच्या मोकळ्या प्लॉटवर नेऊन ठेवली. वहिनी हळदीकुंकू घेऊन मागोमाग गेल्या. मी पाहतच राहिलो असणार.

"घरात नको म्हणलं हुतं, भावजी," त्या मला म्हणाल्या, "रानात नको म्हणलं न्हवतं."

सोमवारी मुलगी सुप्याच्याच शाळेत गेली. तिला सोडायला ते गेले. शाळेचं फाटक बंद झालं, तरी ते बराच वेळ बाहेर उभे होते.