सैपाकखोलीचा रंग

पोलाद कारखान्याचं क्वार्टर मिळालं त्या दिवशी मथुरा सैपाकखोलीच्या मधोमध उभी राहिली आणि तिनं नाक मुरडलं. रुआबांध्याजवळ ताडपत्रीच्या झोपडीत दिवस काढल्यानंतर पक्कं छप्पर मिळालं होतं, घरात नळ होता, बटन दाबलं की दिवा लागत होता. दुसरी कोणी असती तर तिनं दारावर तोरण बांधलं असतं. आणि ही बाई म्हणते कशी, "इथं तं मले माहेच हात दिसून नाही राहिले."

"हात कायले पायजे दिसाले? भात दिसला म्हंजे झालं," बाहेरच्या खोलीत भिंतीवर थापट्या मारून बांधकाम पारखत असलेला तिचा नवरा केवलराम हसत म्हणाला.

भातही दिसत नव्हता, हे त्याला दोनचार दिवसांत दाताखाली खडा आल्यावर कळलं.

खोलीचं तोंड उत्तरेला. एकच हातभर खिडकी, आणि तिच्यासमोर शेजारच्या क्वार्टरच्या न्हाणीची भिंत. सूर्यानं त्या खोलीशी जणू अबोलाच धरलेला. अंगणात ऊन नुसतं रखरखायचं आणि आत सदा तिन्हीसांज. बल्ब होता, पण तो खोलीच्या बरोब्बर मधे टांगलेला, म्हणजे मथुरा सिगडीपुढे बसली की तिचीच सावली पातेल्यात पडायची. हळद किती पडली ते वासावरून ओळखायचं.

मथुरा साकोलीकडच्या धानाच्या मुलखातली. जन्मापासून तिची सगळी कामं उजेडात झालेली. रोवणी उघड्यावर, कापणी उघड्यावर, आणि चूलसुद्धा एका बाजूनं मोकळ्या असलेल्या पडवीत. गरिबी होती, पण ती दिसायची तरी स्वच्छ. तिला लुगड्याची हौस नव्हती, दागिन्याची नव्हती. उजेडात रांधायला मिळावं, एवढंच तिचं मागणं होतं. हे मागणं मोठं आहे असं मला अजूनही वाटत नाही. पण काही माणसांना एवढंही पचू द्यायचं नाही असं वर कोणीतरी ठरवून बसलेलं असतं.

पहिल्या दिवाळीला तिनं अहिवाऱ्याकडचा चुना आणून भिजवला, त्यात सगळ्या बायका घालतात तशी नीळ घातली आणि भिंती पांढऱ्याशुभ्र केल्या. वाळल्यावर बघते तर खोली राखेसारखी दिसायला लागली. उजेड वाढला नाहीच, वर गारठल्यासारखं वाटायला लागलं.

शेजारची गयाबाई बघायला आली आणि तिनं कपाळावर हात मारला. गयाबाईचा नवरा आधी रेल्वेत गार्ड, आता कारखान्याच्या मालगाड्यांवर. नागपूर, गोंदिया, डोंगरगड, दुर्ग अशा कितीतरी ठिकाणच्या क्वार्टरांत तिनं संसार मांडले होते आणि मोडले होते. अंधाऱ्या सैपाकखोल्यांचा तिच्याइतका अनुभव अख्ख्या लाइनीत कोणाला नव्हता.

"अवो, उत्तरेचा उजेड असाबी निळाच असते. त्यात तू अजून नीळ कावून घातली?"

"मंग काय घालू?"

"पिवडी घाल. पण हात राखून, लग्नातल्या मांडवासारखं नोको करू. वरचं छत कोऱ्या चुन्याचं ठेव, म्हंजे थे उजेड खाली फेकते. खाली कमरेपोत गेरू मार, काजळी दिसत नाही. अन थो बल्ब सिगडीच्या वर, भिंतीले घेऊन लावून घे. मांगून उजेड आला का आपलीच सावली आपली दुश्मन."

गयाबाईचा सल्ला म्हणजे सोळा आणे. पण मथुराला पिवडी लावायला पुढची दिवाळी उजाडावी लागली, आणि तेवढ्या वेळात घरात दुसरंच काहीतरी शिरलं होतं.

केवलराम भट्टीवर होता. लोखंडाचा रस सुटायचा तिथं उभा राहायचा. रशियन साहेबांनी सगळ्यांना निळ्या काचेचे चष्मे दिले होते. केवलरामचा चष्मा कपाळावर असायचा. काचेतून सगळा रस एकाच रंगाचा दिसतो अशी त्याची तक्रार. नुसत्या डोळ्यांनी बघितलं की तो कधी तांबूस, कधी केशरी, कधी पिवळा आणि मग पांढराफेक, हे त्याला लख्ख कळायचं. इतर कामगार त्याला विचारायचे, केवलराम, आला का रे ताव? तो रसाकडे टक लावून बघायचा आणि सांगायचा. साहेब ओरडला की चष्मा खाली, साहेब वळला की वर.

"आमी सूर्याकडं पाहून येळ सांगणारे लोकं," तो घरी छाती फुगवून सांगायचा. "आमाले काच कायले पायजे?"

मथुराला त्याचा अभिमान वाटायचा. त्या वेळी तिनं तो चष्मा त्याच्या नाकावर दोरीनं बांधायला हवा होता. पण आपला नवरा दहा माणसांत विचारला जातो, हे सुख शेतकऱ्याच्या लेकीला नवं होतं. ती भाबडी गप्प राहिली.

दिवाळीच्या तोंडावर, तो सकाळच्या पाळीला गेलेला असताना, तिनं आणि गयाबाईनं पदर खोचले. छत चुन्याचं, भिंती फिक्या पिवळ्या, खाली गेरू. बल्ब लाइनमनला चहा पाजून सिगडीच्या वर भिंतीशी घेतला. दुपारी भिंती वाळल्या तशी खोली हळूहळू उघडली. न्हाणीच्या भिंतीवरून येणारा तोच मेला उजेड, पण आता तो भिंतींवर टिकून राहत होता. मथुरानं तांदूळ खोलीत बसून निवडले, उगीचच दोनदा निवडले. फोडणीत मोहरी तडतडताना तिला एकेक दाणा दिसला. ती लहान पोरीसारखी हसली. एवढा एक दिवस तिला मिळाला, तो तिनं पुढे जन्मभर पुरवून वापरला.

केवलराम पाळी सुटून आला, सैपाकखोलीच्या दारात थबकला आणि त्यानं डोळ्यांवर आडवा हात धरला.

"थे बंद कर."

"काय बंद करू?"

"बल्ब बंद कर पहिले."

बंद केला. तरी त्याचा हात खाली येईना. तो भिंतीकडे पाठ करून बसला, मान खाली घालून जेवला. तेव्हा कुठे त्यानं सांगितलं. काही महिन्यांपासून त्याच्या डोळ्यांत मिरची गेल्यासारखी आग होत होती. पुढच्या खोलीत ऊन येतं म्हणून तो पाळीहून आल्यावर सैपाकखोलीत चटई टाकून पडायचा. ती समजायची, नवऱ्याला आपल्या जवळ बसावंसं वाटतं! त्याला बसावंसं वाटत होतं ते अंधारात.

"डोळे आले असन," ती म्हणाली.

गावाकडे डोळे आले की माणसाला अंधाऱ्या खोलीत बसवतात, हळदीच्या पाण्यात भिजवलेला फडका डोळ्यांवर ठेवतात आणि उजेड लागू देत नाहीत. तिच्या आईनं असंच केलं होतं, आजीनं तसंच. मथुराला डोळ्यांचं तेवढंच औषध ठाऊक होतं, आणि ते औषध नेमकं तिच्याच सैपाकखोलीत होतं.

दोन दिवस ती घुसमटली. भिंतीवरून हात फिरवायची, पिवडी बोटाला लागायची. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःच चुन्यात भरपूर नीळ आणि कंदिलाची काजळी कालवली आणि पिवळ्या भिंतींवर हात मारायला घेतला. गयाबाई धावत आली.

"येडी झाली काय वो? हातानं उजेड पुसून राहिली!"

"त्यायचे डोळे बरे झाले का पुन्हा लावीन," मथुरा म्हणाली. आणि तिनं ब्रश पुन्हा बुडवला. छतसुद्धा तिनं सोडलं नाही. खिडकीला गोणपाट लावलं. बल्बला डब्याचा पत्रा वाकवून असा अडवला की उजेड फक्त सिगडीवर पडावा.

आणि केवलरामला खरंच आराम पडू लागला. पाळीहून यायचा, काळोखात फडका ठेवून पडायचा, संध्याकाळपर्यंत आग निवायची. सकाळी ताजातवाना होऊन पुन्हा भट्टीवर. चष्मा पुन्हा कपाळावर. मथुराला वाटायचं, औषध लागू पडतंय. ती अंधारात चाचपडत रांधायची. मनगटापासून कोपरापर्यंत तिच्या हातावर भाजल्याचे डाग होते. तांदूळ अंगणात निवडायची, पावसाळ्यात गयाबाईच्या ओट्यावर. मुलगी कौशल्या शाळेतून आल्यावर दारातूनच ओरडायची, "माँ, इतना अंधेरा! मले नाही जेवाचं इथं," आणि ताट घेऊन पुढच्या खोलीत जायची. लाइनीतल्या बायका मथुराच्या सैपाकखोलीला भुयार म्हणत. मथुराही हसण्यावारी न्यायची. बरे झाले की पिवडी लावायची, हे ती मनाशी घोकत राहिली. अशी वर्षं गेली.

डोळे बरे झाले नाहीत. आधी त्याला समोरच्या माणसाचा चेहरा दिसेना, कडेनं तेवढा दिसायचा, म्हणून तो मान तिरपी करून बोलायला लागला. लोकांना वाटायचं, केवलरामला शिष्टपणा आलाय. भट्टीवर त्यानं पुष्कळ दिवस लपवलं. शेवटी एकदा रसाचा रंग सांगताना चुकला, साफ चुकला. विचारणारे हसले आणि मग हसायचे थांबले. त्याला भट्टीवरून उतरवलं.

तेव्हा कुठे तो डॉक्टरकडे गेला. मथुरा बरोबर होती. डॉक्टरांनी बराच वेळ डोळ्यांत बत्ती टाकून बघितलं आणि सांगितलं की आतला पडदा भाजला आहे, तो भरून येत नाही, आणि उरलंसुरलं आहे तेही जाईल.

"मी तं यायले अंधारात ठेवते," मथुरा घाईघाईनं म्हणाली. "एवढी वर्सं ठेवलं. अजून जास्त अंधार करू काय?"

डॉक्टर माणूस वाईट नव्हता. त्यानं तिच्याकडे बघून सावकाश सांगितलं, "अंधेरे से कुछ नहीं होता, बाई. तकलीफ कम लगती है, बस. तकलीफ रहती तो ये पहले आ जाते."

मथुराला हिंदी चांगलं कळत होतं. त्या दिवशी कळलं नसतं तर बरं झालं असतं. त्रास होत राहिला असता तर तो आधी आला असता. त्रास होऊ नये म्हणून तिनं भिंती काळ्या केल्या होत्या. रोज संध्याकाळी त्याला निववून रोज सकाळी तिनंच त्याला आगीपुढे धाडलं होतं. घरी येताना ती त्याचा हात धरून चालत होती. मला विचाराल तर दोष तिचा नव्हता. पण तिनं तुम्हा-आम्हाला विचारलं नव्हतं.

कितीतरी दिवस तिनं भिंतींना हातही लावला नाही. मग एकदा जेवताना केवलराम आपणहून म्हणाला, "आता लाव तुले लावाचा थो रंग. बल्बही मोठा आण. माह्यासाठी कावून अंधारात मरतं?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिनं खिडकीचं गोणपाट काढलं, पत्रा काढला आणि दुकानातून मिळाला तो सगळ्यात मोठा बल्ब आणून बसवला. केवलराम नेहमीच्या जागी, सिगडीजवळ चटईवर बसलेला. तिनं बटन दाबलं.

काळपट भिंतींतूनसुद्धा खोली झगझगली. जळमटं, सांडलेलं पीठ, तिचे भाजलेले हात, सगळं उघडं पडलं. आणि त्याचा चेहरा. किती वर्षांनी तिनं तो असा बघितला! गाल बसलेले, भुवया झडलेल्या. तो बल्बच्या अगदी खाली, तोंड वर करून, डोळे सताड उघडे ठेवून बसला होता.

मथुरा बटनावर बोट ठेवून उभी राहिली. तो आता डोळ्यांवर हात धरेल, ओरडेल, बंद कर म्हणेल. तिनं मनातल्या मनात सगळ्या देवांना हात जोडले, एकदा म्हणू दे. एकदाच म्हणू दे.

"आणला काय मंग मोठा बल्ब?" त्यानं विचारलं.

"आणते उद्या," मथुरा म्हणाली, आणि त्या लख्ख उजेडात त्याच्यासमोर बसून तिनं तोंडावर पदरही न घेता रडून घेतलं.