यान्बूतलं मॅसॅच्युसेट्स

श्रीकांत म्हणजे सेफ्टी विभागाला देवाने दिलेली भेट. सौदीतल्या यान्बूच्या रिफायनरीत त्याच्या परवानगीशिवाय वेल्डिंगची ठिणगी उडत नाही आणि घरातही फारसं काही उडत नाही. नाशिकला थोरल्या भावाचं सोवळं कडक. याला शिवू नकोस, तिथे उभा राहू नकोस, हे ऐकून श्रीकांतचे कान किटले होते. शेवटी ऐन गणेश चतुर्थीला भावाशी भांडून त्याने सौदीची नोकरी धरली. आपला देव आपण आपल्या पद्धतीने बसवू, असं तेव्हा ताठ मानेने म्हणाला होता.

बसवलाही. कंपाउंडमधल्या घरात, दार लावून, ताटात तांदूळ आणि तांदळावर सुपारी. नैवेद्याला खजूर. जमलेली चार मराठी टाळकी हाफपँटीत. ते दिवस फार मजेचे होते हे तो आजही मान्य करतो. ते कुणी बिघडवले असं विचारलं की मात्र त्याला खोकला येतो.

कारण माणसं वाढली तसे नियमही वाढले. हाफपँट बंद. खजूर बंद, मोदक उकडीचेच. गेल्या वर्षी अनुराग, पुण्याचा तरुण इंजिनिअर, ड्यूटीवरून थेट कामाच्या कपड्यांत आरतीला आला. भरल्या खोलीत श्रीकांत त्याला म्हणाला, "अंघोळ करून ये. नाहीतर येऊच नकोस." अनुराग आल्या पावली परत गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या घरी सुपारी मांडली. जसे असाल तसे या, एवढाच निरोप. निम्मे लोक तिकडे वळले. "जाऊ दे," श्रीकांतने बायकोला, मंजिरीला सांगितलं, "आपला दर्जा तरी राहिला."

यंदा चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी नववीतली लेक रेवा शाळेचं प्रेझेंटेशन घेऊन बसली. विषय होता अमेरिकेतल्या सुरुवातीच्या इंग्रज वसाहती आणि धर्म. समजावून सांगायची संधी श्रीकांत सोडतो होय? खुर्ची ओढून त्याने सुरुवातच केली.

"इंग्लंडात या लोकांना त्यांच्या पद्धतीने प्रार्थना करू देईनात. म्हणून समुद्र ओलांडून मॅसॅच्युसेट्सला आले. आणि तिथे काय केलं? रॉजर विल्यम्स नावाचा पाद्री वेगळं बोलायला लागला, तर त्यालाच हद्दपार! ऐन हिवाळ्यात, बर्फातून गेला बिचारा. मग त्याने प्रॉव्हिडन्स वसवलं. ज्याला जसं पटेल तशी भक्ती करा म्हणाला. काय कोत्या मनाची माणसं ही! स्वतः जाचाला कंटाळून पळाले आणि..."

रेवाने मान वर केली. "बाबा, वेट. लाइक अनुराग काका?"

स्वयंपाकघरात मंजिरी इतकी हसली की तिला हातातली परात खाली ठेवावी लागली. "ते वेगळं आहे," श्रीकांत म्हणाला. कसं वेगळं, ते त्याला झोपेपर्यंत सापडलं नाही. थोरल्या भावाचा चेहरा तेवढा सारखा आठवत राहिला आणि तो हुबेहूब आपल्यासारखा आहे, हे प्रथमच लक्षात आलं.

चतुर्थीला संध्याकाळी त्याच्याकडे कुणीच आलं नाही. उरलेले निम्मेही नाहीत. तिघांनी घरची आरती उरकली. एवढी केविलवाणी आरती त्या घराने कधी ऐकली नव्हती. "सब लोग उधर हैं, बाबा," रेवा हळूच म्हणाली. श्रीकांतला फार वाईट वाटलं. राग अनुरागवर काढावा, तर कालपासून तीही सोय उरली नव्हती. शेवटी त्याने मोदकांचा डबा उचलला. "चला," म्हणाला. वाटेत त्याने माफीचं छोटंसं भाषण जुळवलं, मुद्देसूद, सेफ्टीच्या मीटिंगला शोभेलसं.

दार अनुरागनेच उघडलं. आत कुणी पायजम्यात, कुणी जिमच्या कपड्यांत, कुणी नुकतंच ड्यूटीवरून आलेलं. श्रीकांत दाराबाहेरच थबकला आणि भाषण साफ विसरला.

"मी... आत येऊ का?"

"श्रीकांतदादा, इथे विचारावं लागत नाही," अनुराग म्हणाला आणि त्याचा हात धरून त्याला पुढे घेऊन गेला. "आता आरतीला सुरुवात तुम्हीच करा."

सगळे टाळ्यांसाठी हात उचलून त्याच्याकडे बघत राहिले. श्रीकांतने मोदकांचा डबा सुपारीपुढे ठेवला आणि कुणाची अंघोळ झाली आहे हे न विचारता आरती सुरू केली.