उतारावरचं मीठ

माझ्या हातून आजवर पुष्कळ गोष्टी खारट झाल्या आहेत. लग्नानंतर मी बायकोला पहिल्यांदा करून घातलेलं पिठलं, एकदा पाहुण्यांसाठी केलेलं ताक, आणि एकदा तर चहा. पण तळं खारट करण्याचा योग माझ्या पत्रिकेत असेल असं वाटलं नव्हतं. तोही मिशिगनमध्ये, ऐन थंडीत, आणि त्या तळ्यातलं मीठ कमी व्हावं म्हणून धडपडणाऱ्या मंडळींतच नाव घालून.

त्याचं असं झालं. डिसेंबरात सासरे नागपूरहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. सासूबाई गेल्यानंतरची ही त्यांची पहिलीच खेप. तीस वर्षं त्यांनी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काढली होती. अख्ख्या गावाने काय प्यायचं ते त्यांच्या सहीवर ठरायचं. आणि आता ते आमच्या दिवाणखान्याच्या खिडकीत बसून बर्फ सारणाऱ्या गाड्या मोजत होते. आमचं घर ट्रॉय शहराच्या बरंच उत्तरेला, जिथे शहराचं पाणी संपतं आणि बोअरचं सुरू होतं, तिथे. आसपास चालत जावं असं काही नाही. पंधरा दिवसांत बाबांनी आमच्या सगळ्या घड्या घातलेल्या कपड्यांच्या पुन्हा घड्या घातल्या. मग म्हणाले, "जावईबापू, काही काम असेल तर सांगा. नुसतं बसून जेवण पचून नाही राहिलं."

काम लायब्ररीच्या फळ्यावर सापडलं. जवळच्या तळ्यावर दर शनिवारी सकाळी पाणी तपासायला स्वयंसेवक हवे होते. थंडीत रस्त्यांवर आणि पार्किंगमध्ये बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात, ते वाहून तळ्यात जातं, मासे-बेडकांचे हाल होतात. ते किती जातं याची नोंद ठेवायची. बाबांनी ती जाहिरात दोनदा वाचली आणि खिशातून पेन काढलं. मला कोणी विचारलंच नाही. मी ड्रायव्हर.

पहिल्या शनिवारी तळं पांढरंशुभ्र गोठलेलं होतं. मध्यावर एक माणूस उपड्या बादलीवर बसला होता.

"हा तिथे काय करून राहिला?"

"बर्फाला भोक पाडून मासे पकडतोय, बाबा."

"अन् बर्फ फुटला तर?"

"मग मासे त्याला पकडतात."

नदीचं पाणी न गाळता पिणाऱ्याकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

आमच्या प्रमुख एक सत्तरीच्या बाई होत्या. आयुष्यभर शाळेची बस चालवलेली, त्यामुळे त्यांचा आवाज कायम शेवटच्या सीटपर्यंत पोचायचा. त्यांनी काय करायचं आणि काय करायचं नाही हे वीस मिनिटं समजावून सांगितलं. त्या वीस मिनिटांत मी कॉफीबरोबर ठेवलेले दोन डोनट संपवले. पुढचं सगळं रामायण त्या दोन डोनटमुळे घडलं.

तळ्याच्या एका कोपऱ्यात वरच्या अपार्टमेंटकडून येणारा बारका ओहोळ मिळतो. वाहता असल्यामुळे तो गोठत नाही. नमुना तिथूनच घ्यायचा. बाबांनी बाटली त्याच पाण्याने तीन वेळा विसळली, मग भरली, मग झाकण लावून उलटी करून बघितली. बाई बघतच राहिल्या. "हे तुम्हाला कोणी शिकवलं?" बाबा इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, हे मी लोकांना शिकवलं." झालं. ओहोळ बाबांच्या नावावर झाला, नोंदवहीही त्यांच्याकडे आली. बाटलीत कागदाची पट्टी उभी करायची. पाण्यात मीठ असेल तशी पट्टीवर पांढरी रेघ वर चढते. रेघ तिसऱ्या खुणेशी थांबली. बाबांनी ते वहीत लिहिलं आणि खाली सही केली. त्या सहीला किती महिन्यांनी काम मिळालं होतं ते मला तेव्हा दिसलं.

अडचण होती ती ओहोळाकडे उतरणाऱ्या वाटेची. पंधरा-वीस पावलांचा उतार, पण काचेसारखा. परत चढताना बाबा घसरतील म्हणून मी त्यांचा दंड धरला आणि स्वतःच घसरलो. बाबा खांबासारखे उभे. मी त्यांच्या हाताला लोंबकळत गुडघ्यांवर. त्यांनी मला वर ओढलं आणि हे घरी आल्या आल्या मुलीला सांगितलं.

"तू त्यांना धरायला गेला होतास की लोळायला?" बायको म्हणाली. "हे बघ, पुढच्या शनिवारी तो उतार असाच असेल तर बाबा जाणार नाहीत. या वयात हाड मोडलं तर इन्शुरन्सवाले पण रडतील आणि आपण पण."

बाबा उठून खिडकीशी गेले. गाड्या मोजायला.

शुक्रवारी ऑफिसातून येताना मी तीन दुकानं पालथी घातली. वादळाचा अंदाज होता, त्यामुळे बर्फावर टाकायचं मीठ कुठेच नव्हतं. मग आठवलं, आमच्या तळघरात एक पोतं आहे. बोअरचं पाणी जड, ते हलकं करायला सॉफ्टनर नावाचं यंत्र लागतं आणि त्याला लागतं मीठ. शेवटचंच पोतं होतं. मी ते गाडीत टाकलं आणि तळ्यावर जाऊन उतारावर अख्खं रिकामं केलं. नुसतं ओतलं नाही. वाकून, मुठी-मुठीने, रांगोळी घालावी तसं.

तुम्ही म्हणाल, अहो, डोकं कुठे होतं? ते जागेवरच होतं, आणि विचारही करत होतं. विचार असा, की रस्त्यावरचं मीठ ते वाईट. या पोत्यावर तर पाण्याच्या थेंबाचं निळं चित्र होतं. जे मीठ पाणी सुधारायला बनवलंय ते पाणी बिघडवेल कसं? मी व्यवसायाने सॉफ्टवेअर टेस्टर आहे. जे तपासायचं त्यात स्वतःचा हात घालू नये, हे मी ऑफिसात नव्या मुलांना दर महिन्याला सांगतो.

शनिवारी उतार असा मोकळा, की बाबा पाठीवर हात बांधून उतरले. मी वरून कौतुकाने बघत होतो, माझ्या कर्तृत्वाकडे. त्यांनी बाटली विसळली, भरली, पट्टी उभी केली. आणि रेघ चढायला लागली. तिसरी खूण गेली, पाचवी गेली. शेवटाला जाऊन टेकली.

"मॅडम!" बाबांचा आवाजही आता शेवटच्या सीटपर्यंत पोचला. त्यांनी नवी बाटली घेतली, पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. रेघ तिन्ही वेळा वरच्या टोकाला. सगळे भोवती जमले. तीस वर्षांच्या नोकरीत चोर असा रंगेहाथ सापडला नसेल, असे बाबा उजळून निघाले होते.

बाईंनी मात्र वर अपार्टमेंटच्या पार्किंगकडे बघितलं. तिथे मीठ टाकणारा जो माणूस होता, त्याने गेल्या वर्षी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून निम्मंच मीठ वापरायचा शब्द दिला होता. "मला वाटलं होतं तो पाळेल," त्या म्हणाल्या. "पुढच्या शनिवारी आणखी एकदा तपासू आणि मग मी त्याच्याकडे जाते."

मी खाली बघितलं. माझ्या बुटाच्या टोकाशी चारपाच पांढरे, टपोरे खडे होते. आमच्या तळघरातले.

त्याच क्षणी बोलायला हवं होतं. पण बाबा तेव्हा वहीत आकडा लिहीत होते, आणि लिहिताना पेनाच्या टोपणाने मिशी खाजवत होते. ते खुशीत असले की असं करतात, हे बायकोने मला लग्नाआधी सांगितलं होतं. मी मात्र ते आज पहिल्यांदाच बघत होतो. मी गाडीत जाऊन हीटर लावून बसलो. घरी येताना बाबांनी नागपूरला जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. "अरे, इथल्या लोकांच्या नजरेतून सुटलं होतं! आपण दुसऱ्याच खेपेला पकडलं!" मी आरशात मागची वाहतूक फार बारकाईने बघत राहिलो.

तो आठवडा मी रोज ठरवायचो, की आज सांगायचं. सोमवारी सांगायला गेलो तर ते जुन्या नोंदींचा तक्ता करत होते. मंगळवारी "बाबा, एक बोलायचं होतं" इथपर्यंत गेलो आणि मग विचारलं, "चहा घेणार?" बुधवारीही चहाच. गुरुवारी त्यांनी स्वतःहून सांगितलं, "चहा नको, ॲसिडिटी होऊन राहिली."

आणि गुरुवारीच वरण शिजलं नाही. कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या तरी तुरीची डाळ दातांखाली कचकच. बायकोने आधी कुकरला नावं ठेवली, मग इंडियन स्टोअरच्या डाळीला. बाबा ताटावरून उठले, नळाशी गेले, साबण हातावर चोळला. फेस येईना. पाण्याचा थेंब त्यांनी बोटांत चोळून बघितला, आणि तळघरात उतरले. मी घास चघळत पायऱ्या मोजल्या. चौदा.

वर येऊन त्यांनी ती कचकचीत डाळ शांतपणे संपवली. हात धुतले. मग म्हणाले, "जावईबापू, जरा खाली या."

सॉफ्टनरची टाकी उघडी होती. आत मीठ नव्हतं, नुसतं पाणी.

"इथे एक पोतं होतं. मी आलो त्या दिवशी बघितलं होतं."

"होतं."

"उतारावर आहे का ते आता?"

मी मान हलवली. आत पंधरा वर्षांचा सगळा जावईपणा वितळून गेला. "बाबा, तुम्ही घसराल म्हणून… ही तुम्हाला जाऊ देणार नव्हती म्हणून… मला वाटलं हे वेगळं मीठ आहे."

"मीठ वेगळं कसं असेल? मीठ म्हणजे मीठ." ते पायरीवर बसले. "तीस वर्षं पाहिलं. ज्याने पाण्यात काही केलं तो नमुना घेताना जवळ थांबत नाही. शनिवारी आम्ही सगळे वाकून बघून राहिलो, अन् तुम्ही गाडीत जाऊन बसले. घरी आल्यावर ते आठवलं अन् मनात पाल चुकचुकली. म्हटलं, सांगतील. तुम्ही रोज चहाच विचारून राहिले."

"तुमचा शोध वाया गेला."

"वाया?" ते एकदम ताठ झाले. "वाया कसा जाईल? पाण्यात मीठ होतं, आकडा मीठ बोलला. माझा आकडा बरोबर आहे! चुकला असाल तर तुम्ही." मग म्हणाले, "तो वरचा माणूस मात्र फुकट बदनाम होऊन राहिला. त्याला मोकळा करायचा. तुम्ही सांगाल, मी बाजूला उभा राहतो."

शनिवारी मी बाईंना सगळ्यांदेखत सांगितलं. माझं इंग्रजी ऑफिसात बरं चालतं, पण 'ती रांगोळी मी घातली' हे सांगताना ते पार कोसळलं. मला हातवारे करून, वाकून, मुठीने मीठ टाकून दाखवावं लागलं. बाईंनी विचारलं, "म्हणजे त्याने शब्द पाळला?"

"पाळला," बाबा म्हणाले.

बाईंनी जो श्वास सोडला त्याची हवेत मोठी वाफ झाली. आणि मग त्या हसल्या, बसमधल्या सगळ्या पोरांना ऐकू जाईल अशा. त्यांनी आपल्या पिशवीतून रबराचे पट्टे काढले, खाली लोखंडी काटे लावलेले. बुटांवर चढवले की माणूस बर्फावर घसरत नाही. पहिल्या दिवशीच त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं, म्हणे, की ज्यांना हवेत त्यांनी मागून घ्यावेत, आणि वाटेवर काहीही टाकू नये. मी डोनट आठवले.

मला बादली आणि फावडं मिळालं. उतारावर आठवड्यात पुन्हा साचलेला खारट बर्फ खरवडून गाडीत भरायचा होता. मी सोळावी बादली भरत होतो तेव्हा बाबा काटे घालून, खाड खाड आवाज करत ओहोळाकडे उतरले. बाई नोंदवही उघडून गेल्या आठवड्याच्या आकड्यावर रेघ मारायला निघाल्या.

"नाही मॅडम," बाबांनी वही हातात घेतली. "आकडा खोडायचा नाही. शेजारी कारण लिहायचं असतं."

आणि त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात, त्यांच्या त्या सरळ, सरकारी इंग्रजी अक्षरात लिहिलं, 'कारण: जावई'. खाली सही केली. मग पेनाच्या टोपणाने मिशी खाजवली आणि बाटली विसळायला वाकले.