दोहाची दोन म्युझियमं आणि दत्तारामची होडी

सुमनवहिनी, गुडघे काय म्हणतात? जोशीभाऊ, साखर आटोक्यात आहे ना? आणि बेबी, तुझ्या लेकराचा खोकला गेला का? मी बरा आहे. जुनं गाडं, कुरकुरत चालतंय.

बेबीनं विचारलंय, युरोपात थोड्या दिवसांत कुठली म्युझियमं निवडू. युरोप मी पाहिला नाही बाई. दोहाचं सांगतो, सत्तरचं दशक सरतानाचं.

मी कतारातच, दोहापासून लांब दुखानला तेलाच्या कामावर फिटर होतो. खोलीतला दत्ताराम मालवणकडचा वेल्डर. डोळे अधू झाले म्हणून त्याला कायमचं घरी धाडत होते, शनिवारच्या विमानानं. आदल्या दिवशी, शुक्रवारच्या सुट्टीत, फोरमनच्या पिकअपमध्ये आम्हा दोघांना जागा मिळाली. अंधाराआधी परतायचं, म्हणजे म्युझियम एकच होणार.

बाजारामागच्या जुन्या घरात भांडी-दागिने होते, शेजारी मलबारी हॉटेल, मासे-भात स्वस्त आणि झकास. खोलीतल्या सगळ्यांचं मत तिकडे. दुसरं समुद्राकाठचं, तिथं माल वाहणारी जुनी लाकडी होडी. जन्म किनाऱ्यावर काढलास आणि इथं येऊन पुन्हा होडीच, असं पोरांनी चिडवलं. दत्ताराम हसला नाही. तो पाळण्यात असताना त्याचा बाप तसल्याच होडीवर खलाशी म्हणून या किनाऱ्याकडे निघाला, तो परतलाच नाही. डोळ्यांत उजेड होता तोवर त्याला ती होडी आतून बघायची होती. आम्ही तीच निवडली.

रस्ता सरळसोट, दोन्हीकडे खडी आणि तापलेली हवा. पाणी भरपूर घ्यावं, वाटेत सावली नाही.

दारावर म्हातारा बलुची रखवालदार. म्हणाला, "आज फॅमिली का दिन है. अकेला आदमी नहीं."

सुट्टी आमची शुक्रवारी, आणि शुक्रवार कुटुंबवाल्यांचा. हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आमची कुटुंबं समुद्रापलीकडे.

दत्ताराम शांतपणे म्हणाला, "हमारा बाप अंदर है, चाचा."

मी सगळी हकीकत सांगितली. रखवालदारानं मान खाली घातली. सोडलं तर माझी नोकरी जाईल, म्हणाला.

दत्तारामनं माझा हात धरला. "चल रे. तेची नोकरी कित्याक घालवूची?"

दुसरं म्युझियम बघायला वेळ होता, पण त्याला जायचं नव्हतं. आम्ही त्या मलबारी हॉटेलात मासे-भात मागवला. त्याच्यानं खाववला नाही.

पुढे एकदा आडवारी कामानं दोहाला गेलो, तेव्हा ती होडी मी निरखून पाहिली. कायमचा गावी परतल्यावर मालवणला जाऊन त्याला ती सांगितली, दोर, शीड, फळ्या, सगळं. त्याला तोवर काहीच दिसत नव्हतं.

त्यानं एकच विचारलं, "आडवा पडाक जागा होती?"

नाही म्हणालो. माणसं एकमेकांना चिकटूनच बसत असणार.

मग म्हणाला, "मगे बापूस एकटो नाय होतो."

बेबी, तू काय निवडलंस आणि कुठला दिवस कुणाचा आहे ते विचारलंस का, लगेच कळव. वाट बघतोय.